पोरं सांभाळा ताई, पण फुकट नको

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

"आमचं घर नीलम नगरच्या पुढे. खाली दोन खोल्या, पुढे ओटा. समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे. तिथे विजापूर-कलबुर्गीकडची कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. मागच्या गल्लीत टॉवेलच्या कारखान्यांत कामाला आलेली यूपी-बिहारची माणसं आहेत. नवरा-बायको दोघं सकाळी आठला बाहेर पडतात आणि पोरं रस्त्यावर. नऊ वर्षांची एक पोरगी दिवसभर भावाला कडेवर घेऊन फिरते. मी तीन पोरं घरात घ्यायला लागले. आता सात-आठ बाया विचारायला येतात. आमचे मिस्टर म्हणतात, फुकट किती दिवस करणार? सासूबाई म्हणतात, परक्यांची पोरं, उद्या काही झालं तर? पैसे मागायला मला जीभ रेटत नाही, ती माणसं आधीच पोटासाठी घर सोडून आलेली. काय करू?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी स्वतः दोन मैत्रिणींबरोबर अकरा वर्षं पाळणाघर चालवलं आहे, त्यामुळे जे सांगते ते अनुभवाचं आहे.

पहिलं हे, की पैसे घ्या. जीभ रेटत नसेल तर डोळे खाली घालून मागा, पण मागा. फुकट सांभाळलेल्या पोराची आई तुमच्याशी मोकळेपणी बोलू शकत नाही. पोराला पुरळ उठलं, दूध कमी पडलं, तुम्ही रागावलात, तर ती गप्प बसते, कारण तिला वाटतं आपण उपकाराखाली आहोत. दिवसाचे तीस रुपये देणारी बाई मात्र दारात उभी राहून विचारते, "आज जेवला का माझा? का नाही जेवला?" तो प्रश्न तुम्हाला हवा आहे. शिवाय फुकटचं काम तुमची पाठ धरली की बंद पडतं. मग त्या आठ बाया तुमच्या भरवशावर घेतलेलं काम सोडून घरी बसतात.

आता हिशोब. वही घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या गल्लीतले भाव घाला.

बारा मुलं धरा, त्यातली चार दीड वर्षाच्या आतली. एवढ्यांना दोन बाया लागतात, एक तुम्ही आणि एक मदतनीस. तुमचा पगार ८,००० रुपये. हो, तुमचा पगार. तो वहीत पहिल्या ओळीत लिहायचा, उरलं तर घेऊ असं नाही. मदतनीसाला ६,०००. यापेक्षा कमी दिलं तर ती घरी बसून विड्या वळेल आणि तेच शहाणपणाचं ठरेल. खाणं आणि दूध मुलामागे दिवसाला २५ रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७,८००. साबण, गॅस, वीज, फडकी, औषधं, चटया यांना २,२००. बेरीज २४,०००. मुलामागे महिन्याला २,००० रुपये. खोलीचं भाडं यात धरलेलंच नाही, कारण खोली तुमची आहे.

बांधकामावर पाट्या वाहणारी बाई २,००० देऊ शकणार नाही. ती दिवसाला ३० देईल, म्हणजे महिन्याचे ७८०. बारा जणींचे ९,३६०. खड्डा १४,६४० रुपयांचा. तुम्ही आत्तापर्यंत हा खड्डा स्वतःच्या अंगाने भरत होता, म्हणून तो दिसला नाही.

मग भरायचा कसा? सगळ्यात आधी ज्याच्या कामावर ती बाई जाते त्याच्याकडे जा. मुकादम असेल, बिल्डर असेल, कारखान्याचा मालक असेल. त्याला दया दाखवायला सांगू नका. सांगा, की पोर आजारी म्हणून तुमची बाई महिन्यातून चार-पाच खाडे करते, पोर माझ्याकडे असेल तर ते वाचतील, तुम्ही मुलामागे दिवसाचे २० रुपये द्या. बारा मुलांचे ६,२४० होतात. कायदाही त्याच्या कानावर घाला. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यानेच पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायला सांगितलं होतं. अडचण एवढीच, की मजूर नाक्यावरून सहा बाया उचलून नेणारा मुकादम पन्नासाच्या हिशोबात कधीच बसत नाही, आणि घरी विडी वळणारी बाई तर कुठल्याच छपराखाली मोजली जात नाही. म्हणून कायद्याची वाट न बघता वीस रुपयांचं बोलणं करायचं. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था बिल्डरांकडून खर्चाचा वाटा घेऊन साइटवरच पाळणाघरं चालवत आली आहे. त्याच्या मागची मूळ कल्पना १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर तंबू टाकून सुरू केली. म्हणजे तुम्ही मालकापुढे काही जगावेगळं मागणं घेऊन जात नाही.

दुसरा हात अंगणवाडीचा. तीन वर्षांवरची जी पाच-सहा मुलं असतील त्यांची नावं जवळच्या अंगणवाडीत घाला. गावाकडच्या अंगणवाडीत नाव असेल तरी पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाईल ॲपवरून ते इथे वर्ग करता येतं, सेविकेला तसं सांगा. मुलं सकाळी तिकडे बसतील, गरम जेवतील, आणि अंगणवाडी सुटली की तुमची मदतनीस त्यांना घेऊन येईल. पाच मुलांच्या जेवणाचे महिन्याला दोनेक हजार वाचतात. तीन वर्षांखालच्यांना अंगणवाडीत दिवसभर ठेवून घेत नाहीत, त्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. तो आहार आईने तुमच्याकडे आणून दिला तर उत्तम. तुमचं खरं काम या लहानग्यांचंच आहे.

तिसरी गोष्ट ऐकून कदाचित नवल वाटेल. तुमच्याच गल्लीतल्या नोकरदार घरांतली तीन मुलं पूर्ण फी घेऊन घ्या, महिना ३,०००. शिक्षिका असेल, नर्स असेल, बँकेतली कुणी असेल. त्यांचे ९,००० येतात, खाण्याचे दोनेक हजार जाऊन सात उरतात. पंधरा मुलं झाली की दुपारच्या चार तासांना तिसरी बाई लागेल, तिचे अडीच हजार धरा. शेवटी तूट दोन हजारांच्या आत येते. तेवढी एखाद्या दुकानदाराकडून किंवा गल्लीतल्या मंडळाकडून वस्तूरूपात घ्या. दुधाचा रतीब कुणीतरी घेतला तरी भागलं. या तीन मुलांमुळे आणखी एक होतं. ज्या पाळणाघरात मास्तरीणबाईंचं पोर आणि गवंड्याचं पोर एका चटईवर झोपतं, तिथली चटई स्वच्छ राहते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मात्र ताट, दूध, खेळणी यांत तसूभर फरक करायचा नाही. ज्या आईला हे चालत नसेल तिचं मूल घेऊ नका, ती तीनाचे चार हजार देत असली तरी.

पैसे रोजचे किंवा आठवड्याचे घ्या. हातावर पोट असलेल्यांना एकदम ७८० जड जातात. आठवड्याचा पगार झाला की त्याच संध्याकाळी १८० आणून देतात. कामाला सुट्टी असेल त्या दिवसाचे घेऊ नका. कुणाचे आठवडे थकले तर पोराला दारातून परत पाठवू नका, आईला बाजूला घेऊन विचारा. बहुतेक वेळा तिच्या मुकादमाने पगार लटकवलेला असतो.

सरकारी अनुदानाचंही बघा, पण त्याच्या भरवशावर सुरुवात करू नका. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये 'पाळणा' नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन तुमच्या भागात अंगणवाडीला जोडून पाळणाघर मंजूर होऊ शकतं का, हे लेखी विचारा. तुम्ही बचत गटात असाल तर गटाच्या नावाने विचारा, एकट्या बाईपेक्षा गटाचा अर्ज वजनदार असतो.

आता वेळ. यात बहुतेक जण चुकतात. दहा ते पाच पाळणाघर उघडायचं आणि गरिबांसाठी म्हणायचं, हे चालत नाही. नाक्यावरची बाई आठला उभी नसेल तर तिला काम मिळत नाही. जुनी मिल चालू होती तेव्हा सगळं शहर भोंग्यावर उठायचं, तसं तुमचं दार त्यांच्या कामाच्या भोंग्यावर उघडलं पाहिजे. साडेसातला दार उघडा, सहाला बंद. तुम्ही आणि मदतनीस पुढे-मागे या, म्हणजे दोघींनाही साडेदहा तास उभं राहावं लागणार नाही. रात्रपाळीच्या आईचं मूल रात्री ठेवायला सुरुवातीला होकार देऊ नका, कितीही गयावया केली तरी. तुमचं घर त्यासाठी तयार नाही.

सासूबाईंचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. उद्या काही झालं तर? आमच्याकडे झालं होतं. दीड वर्षांची एक मुलगी, आई नव्या साइटवर गेली होती. सहा वाजले, सात वाजले, आई येईना. आमच्या वहीत एकच फोन नंबर, तो मुकादमाचा, आणि तो बंद. पत्ता म्हणून लिहिलं होतं "पाण्याच्या टाकीजवळ". मी त्या पोरीला खांद्यावर घेऊन रात्री साडेनऊपर्यंत टाकीभोवतीच्या पत्र्याच्या खोल्यांतून "हिला ओळखता का" विचारत फिरले. ती रडून रडून माझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपली होती. पावणेदहाला आई धापा टाकत आली. स्लॅब टाकायचं काम सुरू होतं, अर्ध्यातून सोडत नाहीत म्हणाली. ती माझ्या पाया पडायला लागली तेव्हा मला लाज वाटली, कारण चूक आमच्या वहीची होती.

त्या दिवसापासून नियम केला, तुम्हीही करा. प्रत्येक मुलामागे एक पान. आई-वडिलांचा फोन, शेजारणीचा फोन, मुकादमाचा फोन, गावाकडच्या एका माणसाचा फोन. आधारची झेरॉक्स. मुलाला न्यायला येणाऱ्या दोन माणसांचे फोटो चिकटवलेले, तिसरा कुणी आला तर मूल द्यायचं नाही, मामा म्हणो की काका. आज कुठल्या साइटवर जाते ते रोज सकाळी सोडतानाच विचारून लिहायचं. आणि सगळे मार्ग खुंटले तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत. मदतनीस ठेवताना पोलीस पडताळणी करून घ्या, ओळखीची असली तरी. घरातल्या कुठल्याही पुरुषमाणसाने मुलांबरोबर एकट्याने खोलीत बसायचं नाही. तुमच्या मिस्टरांना हे आधीच मोकळेपणाने सांगा, ते वाईट वाटून घेणार नाहीत. यात त्यांच्यावरही कधी बोट येणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी पाण्याची वाटते. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात पिंप, बादल्या, हौद भरलेले. रांगणारं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, डोकं जड असल्याने आत कलंडतं आणि आवाजही होत नाही. वितभर पाणी पुरतं. मुलं ज्या खोलीत त्या खोलीत पाणी साठवायचंच नाही. हौदाला कडीचं झाकण, पिंपावर झाकण आणि त्यावर दगड, मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी. दोन खोल्यांच्या मध्ये गुडघ्याच्या वर येईल अशी फळी सुताराकडून बसवून घ्या. पहिल्या महिन्याच्या पैशांतून आधी हे, मग खेळणी. आणि लंगोट धुवायला पाणी लागणार, नळाच्या दिवसाचं नियोजन तुमच्या मदतनीसाशी बसून करा. हात धुवायला मात्र कधी पाणी वाचवायचं नाही.

उन्हाळ्यात तुमच्या खालच्या खोल्या हे वरदान आहे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत झोपलेलं पोर दुपारपर्यंत कोमेजतं. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. आरोग्य केंद्रात मिळतात.

खाण्याचं फार सांगत नाही, तुम्हाला कळतं. मऊ खिचडी, वरणभात, उपमा, नाचणीची पेज, केळं. बिहारच्या पोराला पहिले आठ दिवस आपलं वरण गोड लागणार नाही, त्याच्या आईला विचारून एक-दोन पदार्थ तिच्या पद्धतीने करा. फक्त शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. आपल्याकडे शेंगा पोत्यांनी असतात, आणि अख्खा दाणा श्वासनळीत अडकतो. कूट करून घाला.

मदतनीस शोधताना तुम्हाला विडी कामगार बाया भेटतील. त्या मुलं सांभाळण्यात पटाईत असतात. पण एखादी म्हणेल, पोरं झोपली की मी विड्या वळायचं सूप घेऊन बसेन, हजार विड्या नाही तर पाचशे तरी होतील. तिची गरज खरी आहे, तरीही ठाम नाही म्हणा. तंबाखूचं सूप आणि रांगणारं मूल एका खोलीत नको. बोटाला लागलेला तंबाखू मुलाच्या तोंडात जातो, धूळ छातीत जाते. विडी वळून दूध पाजायला येणाऱ्या आईलाही आधी साबणाने हात धुवायला लावा. न लाजता.

भाषेची चिंता मात्र सोडा. सोलापूरइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. भाजी घेताना चार भाषा बोलणारी माणसं आपण. पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम शोधत आले, म्हणजे आज समोरच्या प्लॉटवर जे उतरले आहेत तसेच. मदतनीस तेलुगू किंवा कन्नड बोलणारी घ्या, आणि हिंदी तुम्हाला येतेच. प्रत्येक मुलाच्या आईकडून पाच शब्द लिहून घ्या: पाणी, भूक, झोप, शू आणि ते दुखण्याला काय म्हणतं तो शब्द. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

लसीकरणाचं कार्ड पहिल्याच दिवशी मागा. गाव बदलताना हमखास डोस चुकतो, विशेषतः नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा आणि पुढचा सोळा ते चोवीस महिन्यांमधला. चुकलेला डोस नंतर देता येतो, जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, पैसे न घेता. आशाताईंना महिन्यातून एकदा तुमच्याकडेच बोलवा. त्यांना घरोघर फिरण्यापेक्षा एका ओट्यावर पंधरा मुलं मिळाली तर त्याही खूश.

सुरुवात बारांनी करू नका. आता तीन आहेत, पुढच्या महिन्यात सहा करा. दोन महिने वही नीट लिहा, मग वाढवा. सात-आठ बाया विचारतायत त्यांतून कुणाला आधी घ्यायचं हे ठरवताना एकच बघा, की त्या मुलामुळे कुठलं मोठं भावंड घरी बसलं आहे का.

कारण पत्रातली ती नऊ वर्षांची पोरगी माझ्या डोक्यातून जात नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवत होत्या, तेव्हा त्यांच्याही हेच लक्षात आलं होतं. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड असतं. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आल्या. मूल अंगणात असेल तर शाळाच अंगणात नेऊ, ही अंगणवाडीची कल्पनाही ताराबाईंचीच. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा त्यांचाच शब्द देशभर गेला.

तेव्हा तुमच्या यादीत पहिलं नाव तिच्या भावाचं लिहा, आणि त्याची फी पहिले तीन महिने घेऊ नका. मी फुकट नको म्हणाले, पण ही एक जागा मी स्वतः राखून ठेवायचे. मग तिला घेऊन जवळच्या महापालिकेच्या शाळेत जा. दाखला नाही, मधूनच आली, असं कुणी म्हणालं तर सांगा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि तिला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. पहिले काही दिवस ती मधल्या सुट्टीत पळत तुमच्याकडे येईल, भाऊ रडतोय का बघायला. येऊ द्या. दार उघडं ठेवा, तिला भावाला बघू द्या, आणि घंटा व्हायच्या आत तिला परत पाठवा.